चौऱ्याऐंशी वेढे

मोटरच्या रोटरवर, तिच्या फिरत्या भागावर, चुंबकाचे तीस पोल होते. तीस पोलांवर तीस कॉइली, कॉइलींना एकमेकींशी जोडणारे एकोणतीस जोड, आणि पहिल्या व शेवटच्या कॉइलीपासून निघून शाफ्टवरच्या दोन रिंगांना मिळणाऱ्या दोन वायरी. अवंतीनं हे सगळं बोटानं पुन्हा एकदा मोजून घेतलं, रबरी हातमोजे चढवले आणि दोन रिंगांच्या मध्ये दोनशे चाळीस व्होल्टचा पुरवठा सुरू केला. रोटर जागच्या जागी उभा होता. मीटरच्या दोन पिना तिनं पहिल्या कॉइलीच्या दोन टोकांना टेकवल्या.

“एक नंबर, ठीक.”

प्लांट मॅनेजर आलोक जैन हेल्मेट काखेत धरून खाली उभा होता. चांगल्या कॉइलींचे आकडे ऐकण्यात त्याला रस नव्हता. “जो खराब है बस वो बताओ,” असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. कॉइली सगळ्या सारख्या, एकामागे एक जोडलेल्या. तेव्हा दोनशे चाळीस व्होल्ट तीस जणींत सारखे वाटले जायला हवेत, प्रत्येकीला आठच्या आसपास. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. एखादीच्या आतले दोन वेढे एकमेकांना चिकटले असतील तर ती आपला वाटा घेऊ शकत नाही, आणि मीटरवर तिचा आकडा पडतो.

“सात, ठीक. आठ…” अवंती थांबली. “आठ जरा खाली आहे, सात पूर्णांक सात.”

तिनं पिना पुढं सरकवल्या.

मीटरवर ५.६१ उमटलं.

तिनं पिना उचलून परत टेकवल्या. ५.६१. दहा नंबर पुन्हा सात पूर्णांक सात, शेजारणीच्या दुखण्याची झळ लागल्यासारखा. अकरापासून तीसपर्यंत सगळे ठीक.

“मतलब?” आलोकनं विचारलं.

“नौ नंबर, सर. वही.”

“वही मतलब पहले जैसा? नई कॉइल डालने के बाद भी?”

“जी.”

आलोकनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पुन्हा काढलं. “अवंती जी, मैंने आपसे कहा था. घमापुर की दुकान पंखे और पंप बाँधती है. ये चक्की की मोटर है.”

चक्की भिंतीपलीकडे होती. बरगी रोडवरच्या या कारखान्यात डोलोमाइट दळत. माणसं तिला मिल कमी आणि चक्कीच जास्त म्हणत. एखादं दोन खोल्यांचं घर आडवं करून फिरवावं एवढं ते पिंप, आत पोलादाचे गोळे आणि दगड. मिनिटाला ते जेमतेम सतरा फेरे घेई. गोळे वर चढत, कोसळत, आणि दगडाचं पीठ होई. अवंती नोकरीला लागली तेव्हा तिला आधी प्रश्न पडला तो मोटरचा. पाणी उपसणारी साधी मोटर मिनिटाला चौदाशे-साडेचौदाशे फेरे घेते. तिला एवढी सावकाश चक्की फिरवायला लावायची तर मध्ये मोठा गिअरबॉक्स हवा. इथं तो नव्हता, फक्त चक्कीभोवती एक मोठं दातेरी चाक होतं. मोटरच सावकाश होती. तीस पोल असल्यामुळं ती मिनिटाला बरोबर दोनशे फेरे घ्यायची. चक्कीत दगड कमी असो की जास्त, दोनशे म्हणजे दोनशे. विजेच्या तारांत जी लय जबलपूरपासून पार कन्याकुमारीपर्यंत चालली होती, तिच्याशी पाऊल जुळवून ती चालायची. आधी एकटी सुरू व्हायची, लय पकडायची, मग तिच्या आणि चक्कीच्या मधल्या क्लचमध्ये हवा भरायची, क्लचची रबरी नळी फुगून ड्रमला आवळायची, आणि मगच ते घराएवढं धूड हलायला लागायचं. पहिल्यांदा हे पाहताना अवंती डबा खायचा विसरली होती.

पावसाळ्याच्या शेवटी मोटर थरथरायला लागली. रोटरला वीज दिली की थरथर, वीज काढली की बंद. प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. म्हणजे एखादा पोल बाकीच्यांपेक्षा कमी ओढत होता. तो कोणता, हे अवंतीनं असंच पिना लावून शोधून काढलं होतं. मोटर बनवणाऱ्या कंपनीनं नवी कॉइल द्यायला दिवाळीनंतरची तारीख दिली. तेव्हा मीटिंगमध्ये अवंतीच म्हणाली होती की माझे वडील तीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीत वाइंडिंगला होते, त्यांचं दुकान आहे, ते गुंडाळतील. बोलून झाल्यावर तिचे कान तापले होते.

“मैं पूरा रोटर बाहर भेज रहा हूँ,” आलोक म्हणाला. “महीना लगे तो लगे. और आगे से अपना कोई काम उस दुकान में नहीं जाएगा. बुरा मत मानिए.”

“जी,” अवंती म्हणाली. तिनं पुरवठा बंद केला. मीटर बंद करायच्या आधी तिनं शून्यावर आलेल्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं.

स्कूटीवरून येताना तिला वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त तो आकडा दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा छळत होता. जुनी कॉइल खराब होती तेव्हा ५.६१. नवी कॉइल बसवली, तरी ५.६१. वडिलांचा, अण्णांचा, हात चुकला असेल, मान्य. पण चुकला तर त्याच्या त्याच्या पद्धतीनं चुकेल. दुसऱ्या कोणाची चूक शतांशापर्यंत जशीच्या तशी कशी करेल?

घमापूरच्या दुकानात दिवा लागला होता. ‘मुळमुळे मोटर वाइंडिंग’ या पाटीतला ‘मो’ गेल्या उन्हाळ्यात गळून पडला होता. आत शकु एका पंपाच्या कॉइलीवर सुती फीत गुंडाळत बसली होती. शकु बालाघाटकडची, पंधरा वर्षांपासून दुकानात. फीत दातांनी तोडायची आणि तोंडानं कोणालाच सोडायची नाही.

“आली का इंजिनेर बाई,” ती म्हणाली. “तुमच्या सायबाचा फोन आला होता. तवापासून अण्णा मौनव्रतात हायेत. मले तर बाप्पा, दुकान कसं शांत शांत वाटून राहिलं.”

अण्णा मागच्या बाकावर बसले होते. समोर काम नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं ते दर महिन्याला पुढच्या महिन्यावर ढकलत.

“ये,” ते म्हणाले. “बस. चहा घेते का?”

“नको.”

“घे ना. नथ्थू आणायलाच गेला आहे.” ते तिच्याकडे वळले. “हे बघ, त्यात एवढं काही नाही. तू तुझ्या रिपोर्टात लिहून टाक, म्हाताऱ्याचा हात चुकला. खरंच चुकला असेल. एखाद्या वेढ्याचं इन्सुलेशन सोललं गेलं असेल, मला दिसलं नसेल.”

“तुम्हाला तसं वाटून राहिलं का?”

“मला काय वाटते त्याला काय अर्थ आहे? मीटर काय म्हणते?”

“अण्णा, जुनी कॉइल उघडली तेव्हा आतून कशी होती?”

“साफ.” अण्णांनी वर पाहिलं. “मी तुला फोन नव्हता का केला? म्हटलं, अगं, ही तर आतून एकदम साफ दिसून राहिली. तू म्हणाली, मीटिंगमध्ये आहे, मीटरनं दाखवलं आहे, वरवर पाहून नाही समजत.”

अवंतीला तो फोन आठवला. आपला आवाजही आठवला.

“कुठं आहे ती?”

शकुनं हनुवटीनंच दाराआडच्या पोत्याकडे दाखवलं. भंगारवाला यायचा होता. अवंतीनं पोतं ओढून काढलं, कापलेल्या कॉइलीचे तुकडे बल्बखाली आणले आणि एकेक थर सोलून पाहिला. चौकोनी तांब्याची तार, तिच्यावर काचेच्या धाग्याचं वेष्टण. जिथं दोन वेढे चिकटतात तिथं वेष्टण जळतं, काळं पडतं, तांब्याला फोड येतो. तिनं सगळे थर पाहिले. वेष्टण जुन्या तुपाच्या रंगाचं झालं होतं, इतकंच. काळा ठिपका कुठंच नव्हता.

नथ्थू किटली घेऊन आत आला. हा फॅक्टरीतला अण्णांचा जुना फिटर. कारखान्यात जाऊन पोल काढणं आणि बसवणं त्यानंच केलं होतं, आणि नवा-जुना ओळखू येणार नाही असं एकसारखं लाल वार्निशही सगळ्या पोलांवर त्यानंच मारलं होतं.

“नथ्थू चाचा,” अवंतीनं विचारलं, “पोल निकाला किस तरफ से था?”

“रिंग तरफ से, बिटिया. चेनपुली का गर्डर उधर ही तो है.”

“और गिना किधर से?”

“जिधर खड़े थे उधर से. अब पोल इधर से निकालें और गिनने उधर जाएँ क्या?” तो हसला. “एक नंबर पे लड़कों ने सिंदूर का सातिया, माने स्वस्तिक, बना रखा था. वहाँ से घड़ी की चाल से गिने. एक, दो, तीन… नौ.”

“मेरा चॉक का निशान नहीं था? मैंने नौ नंबर पे क्रॉस लगाया था.”

“निशान काहे का! विश्वकर्मा पूजा थी ना उसी हफ्ते. लड़कों ने मोटर ऐसी पोंछी कि शकल देख लो. कहते थे, पूजा के दिन मशीन पे काटे का निशान अशुभ लगता है.”

अवंती उठली. बाकावर बंद पडलेल्या पंख्याची गोल जाळी पडली होती. तिनं ती उभी धरली, तारांवर खडूनं एक ठिपका काढला आणि तिथून घड्याळाच्या दिशेनं मोजत नवव्या तारेवर दुसरा. मग जाळी तशीच धरून ती बाकाच्या पलीकडे गेली आणि त्या बाजूनं पहिल्या ठिपक्यापासून पुन्हा घड्याळाच्या दिशेनं मोजू लागली. नऊ आलं तेव्हा तिचं बोट भलत्याच तारेवर होतं.

“तू कुठून मोजलं होतं?” अण्णांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून दिसत होतं.

“क्लचकडून. तिकडं बसायला ओटा आहे.”

“आमच्या फॅक्टरीत सगळे रिंगकडूनच मोजत. दुसरी बाजू आहे, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.” अण्णांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे नथ्थूचा नऊ तो तुझा…”

“तेवीस.”

नथ्थूनं किटली खाली ठेवली. मग शकु हसली, आणि एकदा हसली ती थांबेचना.

“म्हंजे चांगली कॉइल फाडली, तिच्या जागी चांगली कॉइल बसवली, अन् खराबडी तिथंच मजेत बसून हाये! वा रे वा. तीन तीन शिकलेली माणसं!”

“मुझे मत गिनो,” नथ्थू म्हणाला. “मैं आठवीं फेल हूँ.”

अवंतीलाही हसू आलं, पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी पोत्यातला एक तुकडा उचलून गुडघ्यावर घेतला आणि वेढ्यांवरून अंगठा फिरवला.

“इतकी चांगली बांधली होती कोणी तरी,” ते म्हणाले. “उगाच फाडली मी.”

“अण्णा, उद्या मी आलोक सरांना सांगते. नंबर मी दिला, बाजू सांगितली नाही.”

“काहून सांगते? तू अजून पर्मनंट नाही झाली. माझ्या नावावर टाक ना. बाजू विचारायचं माझंही काम होतं. मला आता कोण नोकरीवरून काढून राहिलं?”

“तुम्हाला काम नाही देणार ते पुन्हा.”

“नाही तर नाही.”

“नाही,” अवंती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण अण्णांनी तो विषय पुढं नेला नाही. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्याच घरातला होता.

“अन् तुमची कॉइल ठीक आहे,” ती म्हणाली. “मी तीसही पोल तपासले. तेवीस नंबर ठीक होता.”

“ठीक म्हणजे किती?”

अवंतीला आकडा आठवेना. आलोकला नको होते म्हणून तिनं चांगल्यांचे आकडे म्हटलेच नव्हते, आणि एकामागून एक सरकताना लक्षातही ठेवले नव्हते. आठच्या आसपास असला की ठीक. “दहा टक्क्यांच्या आत म्हणजे ठीक,” ती म्हणाली.

“ते तुझ्या कारखान्याचं ठीक. मी आकडा विचारून राहिलो.”

शकुचं हसणं कधीच थांबलं होतं. फीत धरलेला तिचा हातही थांबला.

“सांगा ना तिले,” ती म्हणाली. “नाही तर मी सांगते.”

अण्णांनी तुकडा पोत्यात ठेवला. वाइंडिंगच्या मशीनवरचा आकडे दाखवणारा काटा मोडल्याला आता दोन वर्षं झाली होती. नवा बसवा म्हणून शकु मागं लागायची, आणि अण्णा म्हणायचे की मी काट्याच्या भरवशावर शिकलो नाही. त्यांची पद्धत वेगळी होती. दहा वेढे झाले की वाटीत एक चिंचोका. आठ चिंचोके झाले की वर सुटे चार, म्हणजे चौऱ्याऐंशी. फॅक्टरीत असल्यापासून ते असंच मोजत आले होते, आणि वाटीत हात घालायला कोणालाही मनाई होती.

“शेवटचा थर चालू होता,” अण्णा म्हणाले. “आठवा चिंचोका टाकला. सुटे वेढे सुरू केले, आणि लाइट गेली. तेवढ्यात तो डेअरीवाला पंप घेऊन आला, त्याच्याशी बोलत बसलो. लाइट आली तेव्हा मी एक वेढा धरून तीन आणखी दिले. आता एक झाला होता म्हणून धरला, की झाला नव्हता आणि धरला…” त्यांनी हात उलटा करून मांडीवर ठेवला. “तेव्हा खात्री वाटली. रात्री जेवताना नाही वाटली.”

“मी म्हटलं होतं, खोला अन् पुन्हा मोजा,” शकु म्हणाली. “वार्निश चढलं हाये म्हणे आता.”

“चढलंच होतं.”

“कोणी चढवलं? तुम्हीच घाई करून राहिले होते.”

“अण्णा, त्र्याऐंशी असले तरी मोटरला काही होणार नाही,” अवंती म्हणाली. “इतका फरक चालतो.”

“मोटरला चालते ते मला माहीत आहे. मीटरला दिसते का, ते सांग.”

अवंतीनं मनात हिशेब मांडला. चौऱ्याऐंशीतला एक गेला तर तार सव्वा टक्का कमी. पण कॉइलीचा वाटा वेढ्यांच्या वर्गानं बदलतो, म्हणजे दुप्पट, अडीच टक्क्यांच्या थोडं आत. नऊ नंबर आजारी असल्यामुळं बाकीच्यांना आठहून किंचित जास्त मिळत असणार. त्यातले अडीच टक्के.

“दिसते,” ती म्हणाली. “दोन्हीकडच्या शेजाऱ्यांपेक्षा वीस शतांश व्होल्ट कमी दिसेल. मीटर शतांशापर्यंत दाखवते.”

“अन् चौऱ्याऐंशी असले तर?”

“शेजाऱ्यांइतकाच.”

“चलो,” अण्णा म्हणाले. “मग उद्या पाहू. शेजाऱ्यांइतका असला तर तुझा नऊ नंबर मी गुंडाळतो. कमी असला तर शकु गुंडाळंल. अन् यापुढं मोठं काम सगळं तीच करंल. मी फीत लावत जाईन.”

“माझं नाव काहून मधात घेता?” शकु म्हणाली. “मले फीतच बरी.” पण हे म्हणताना ती अण्णांकडे बघत नव्हती, आणि दातानं तोडायची फीत तिनं कात्रीनं कापली.

घरी, जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात, जाताना अण्णा स्कूटीवर मागं बसले होते. नेहमी ते रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना देत. त्या दिवशी दोन खड्डे तसेच गेले.

सकाळी आलोक कॅबिनमध्ये नाश्ता करत होता. अवंतीनं उभ्या उभ्याच सांगितलं. खडूचा क्रॉस, पूजेची पुसापुशी, नथ्थूची बाजू, आपली बाजू. आलोकनं पोह्याचा चमचा खाली ठेवला.

“मतलब हमने अच्छी कॉइल निकालकर अच्छी कॉइल लगाई?”

“जी.”

“और गलती किसकी हुई?”

“नंबर मैंने दिया था. किस तरफ से, ये नहीं बताया.”

“उन्होंने पूछा भी नहीं.”

“पूछा था कि कॉइल साफ क्यों दिख रही है. मैंने फोन रख दिया था.”

आलोक तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला होता, पण कोणत्या आवाजात आणावा हे ठरत नव्हतं. “आपके कन्फर्मेशन का कागज मेरी टेबल पर है,” तो शेवटी म्हणाला. “इस महीने मैं वो नहीं भेजूँगा. समझ रही हैं?”

“जी.”

“रोटर बाहर नहीं जा रहा, ये भी समझ लीजिए. असली नौ नंबर निकालो और बाँधो. कौन बाँधेगा, मुझे मतलब नहीं. चक्की चाहिए मुझे.” त्यानं चमचा उचलला. “और हर पोल पे पेंट से नंबर लिखवाओ. दोनों तरफ.”

नथ्थूनं पांढऱ्या पेंटचा डबा घेतला आणि काम सुरू केलं. आधी क्लचकडून तीस आकडे. मग रिंगकडून, प्रत्येक पोलवर पलीकडे जो आकडा होता तोच. ही उलटी मोजणी लिहिताना तो प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होता, आणि सतराला चुकून स्वतःलाच शिवी हासडून पुसत होता. अण्णा ओट्यावर बसले होते. ते या मोटरपाशी पहिल्यांदाच आले होते. कॉइल त्यांनी दुकानात बांधली होती, रोटर पाहिला नव्हता. त्यांनी मान वळवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा घेर पाहून घेतला.

“सावकाश चालत असेल हे,” ते म्हणाले.

“दोनशे. एक कमी नाही, एक जास्त नाही.”

“हं.”

पेंट वाळेपर्यंत आलोकही आला. या वेळी तो खाली न थांबता ओट्यावर चढला. अवंतीनं हातमोजे घातले, रिंगांना पुरवठा दिला. नऊ नंबरवर आधी पिना लावल्या. तो तसाच पडलेला होता. मग ती तेवीसच्या अलीकडच्या पोलवर आली.

“बावीस,” ती म्हणाली. “आठ पूर्णांक अकरा.”

अण्णांनी मान हलवली.

तिनं तेवीस सोडून पिना पुढं नेल्या. “चोवीस. आठ पूर्णांक बारा.”

“आता मधला,” अण्णा म्हणाले. ते उठून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. मीटर त्यांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होतं, पण पडद्यावरचे आकडे त्यांना दिसत नव्हते. ते आकड्यांकडे न बघता पिनांच्या टोकांकडे बघत होते.

पिना टेकल्या. शेवटचा आकडा जरा वेळ खालीवर झाला.

“तेईस तो ठीक ही है ना?” आलोकनं विचारलं. “दस परसेंट के अंदर?”

“अंदर है, सर.”

“बस फिर.” तो ओट्यावरून उतरायला वळला.

अण्णा हलले नाहीत. अवंतीनं पिना उचलल्या, जोडांवरचं वार्निश पिनेच्या टोकानं खरवडून तांबं उघडं केलं आणि पुन्हा घट्ट दाबून धरल्या. आकडा स्थिर होईपर्यंत ती थांबली.

“सात पूर्णांक ब्याण्णव,” ती म्हणाली.